सत्रान्त आणि हिवाळी सुटी : एका विद्यापीठीय प्रथेचा इतिहास

१

डिसेंबरचा पहिला पंधरवडा सरत आला की अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांच्या परिसरात एक ठरावीक लगबग सुरू होते. ग्रंथालयांचे दिवे रात्री उशिरापर्यंत, क्वचित रात्रभरही, जळत राहतात. व्याख्याने संपलेली असतात. निबंध सादर करण्याच्या मुदती आणि सत्रान्त परीक्षा तेवढ्या उरलेल्या असतात. प्राध्यापकांच्या टेबलांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे साचतात. मग चारसहा दिवसांत सारा परिसर रिकामा होतो. सामान बांधून विद्यार्थी गावोगाव पांगतात, भोजनगृहे बंद होतात आणि जानेवारी उजाडेपर्यंत त्या प्रशस्त आवारात बर्फाखेरीज फारसे काही नसते. याला तेथे 'फॉल सेमिस्टर'ची अखेर आणि 'विंटर ब्रेक'ची सुरुवात म्हणतात.

हा क्रम आज इतका स्वाभाविक वाटतो की तो ऋतुचक्राचाच एक भाग असावा, असा समज व्हावा. वस्तुतः तो फारसा जुना नाही. सत्र नाताळपूर्वी संपवायचे आणि सुटीत कोणतेही शैक्षणिक ओझे ठेवायचे नाही, ही रीत अमेरिकेत सर्वत्र रुळली ती गेल्या साठेक वर्षांत. त्यापूर्वी हिवाळी सुटी होती, पण तिचा हेतू वेगळा होता आणि तिचा लाभ घेणारा विद्यार्थीही वेगळा होता. विद्यापीठांचा इतिहास लिहिताना आपण संस्थापक, कुलगुरू, अभ्यासक्रम आणि इमारती यांची दखल घेतो. सुट्यांच्या याद्या मात्र किरकोळ कार्यालयीन कागद म्हणून बाजूला ठेवतो. या निबंधात तो कागदच मुख्य साधन मानला आहे. विद्यार्थी कोण आहे, त्याचे घर कोठे आहे, तो श्रीमंत आहे की गरजू, याविषयी विद्यापीठाने मनाशी जे गृहीत धरलेले असते ते त्याच्या घोषणापत्रांत आढळत नाही. वर्षाच्या आखणीत मात्र ते उघड होते.

२

अमेरिकन महाविद्यालयांनी आपले आरंभीचे वळण इंग्लंडकडून घेतले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे वर्षाची तीन सत्रे. पैकी पहिले 'मिकलमस', म्हणजे २९ सप्टेंबरला येणाऱ्या संत मायकेलच्या सणावरून नाव मिळालेले. ते ऑक्टोबरात सुरू होते आणि डिसेंबरच्या आरंभी संपते. सत्रांची नावे सणांची, आणि सुट्या सणांच्या आधाराने बेतलेल्या, अशी ही धर्मपीठाच्या छायेत वाढलेली कालगणना होती.

परंतु १६३६ साली ज्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत हार्वर्डची स्थापना झाली, तेथील प्यूरिटन पंथीयांना नाताळ मान्य नव्हता. बायबलमध्ये त्याला आधार नाही आणि त्यानिमित्त होणारा गोंधळ अधार्मिक आहे, अशी त्यांची भूमिका होती. १६५९ साली या वसाहतीने नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवणारा कायदा केला. तो १६८१ मध्ये रद्द झाला, तरी त्यामागची वृत्ती पुढेही दीर्घकाळ टिकून राहिली. मॅसॅच्युसेट्स राज्याने नाताळला सार्वजनिक सुटीचा दर्जा दिला तो १८५६ साली. म्हणजे अमेरिकेतील सर्वांत जुन्या महाविद्यालयाला आपल्या पहिल्या दोन शतकांत नाताळसाठी सुटी द्यावी असे वाटण्याचे कारणच नव्हते.

तरीही न्यू इंग्लंडमधील महाविद्यालयांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यात मोठी सुटी असे, आणि ती कित्येक आठवड्यांची असे. तिचे कारण सणात नव्हते, शेतीत होते. खेड्यापाड्यांतील एकशिक्षकी शाळा वर्षातून दोनदा भरत. उन्हाळी शाळेत लहान मुले येत आणि तेथे बहुधा तरुण स्त्रिया शिकवत. हिवाळ्यात शेतीची कामे थांबली की मोठी, अंगापिंडाने थोराड मुले शाळेकडे वळत. त्यांना आवरण्यासाठी गावाला पुरुष शिक्षक हवा असे, आणि तोही दोनतीन महिन्यांपुरताच. एवढ्या अल्पकाळासाठी मिळणारा, लिहितावाचता चांगला येणारा आणि पैशांची निकड असणारा माणूस म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थी. महाविद्यालयांनी हे ओळखले होते. सुटी अशा बेताने ठेवली जाई की गरजू विद्यार्थ्याला हिवाळाभर गावच्या शाळेत शिकवता यावे आणि त्या मिळकतीतून पुढील सत्राचे शुल्क भागावे. सुटी अपुरी पडल्यास त्याला आणखी रजा देण्यातही अडचण मानली जात नसे.

या व्यवस्थेतून गेलेल्यांची नावे वाचकाला परिचित आहेत. हार्वर्डचा विद्यार्थी असताना इमर्सनने सुटीत वॉल्थम येथे आपल्या एका नातेवाइकाच्या शाळेत शिकवले. थोरोने १८३५ च्या डिसेंबरात रजा घेतली आणि मॅसॅच्युसेट्समधील कँटन या गावी काही आठवडे शिक्षकी केली. तेथे तो ओरेस्टिस ब्राउनसन या विचारवंताच्या घरी राहिला आणि त्याच्या सहवासात जर्मन शिकला. हा सहवास थोरोच्या बौद्धिक घडणीत महत्त्वाचा मानला जातो, आणि तो वर्गात लाभलेला नव्हता. ओहायोतील दरिद्री घरातून आलेला जेम्स गारफील्ड विल्यम्स महाविद्यालयात शिकत असताना १८५४-५५ च्या हिवाळ्यात व्हर्मांटमधील नॉर्थ पाऊनल येथे हस्ताक्षर शिकवत होता. त्याच गावी थोड्याच वर्षांपूर्वी चेस्टर आर्थर शिक्षक होता. तोही युनियन महाविद्यालयात असताना हिवाळी सुट्यांत खेड्यातील शाळेत शिकवून आलेला. १८८१ मध्ये गारफील्ड राष्ट्राध्यक्ष झाला, आर्थर उपराष्ट्राध्यक्ष, आणि त्याच वर्षी गारफील्डच्या हत्येनंतर आर्थर त्याच्या जागी आला. एका आडगावच्या शाळेत शिकवून गेलेले दोन गरजू तरुण पाठोपाठ राष्ट्राच्या सर्वोच्च पदी बसले, यात योगायोगाचा भाग आहेच. पण गरजू विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून वर्ष आखणारी महाविद्यालये नसती, तर हा योगायोग घडण्याची शक्यताही फार कमी होती.

दक्षिणेत हेच काम उन्हाळी सुटीने केले. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकणारे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८८० च्या दशकात दोन उन्हाळे टेनेसीच्या ग्रामीण भागात कृष्णवर्णीय मुलांना शिकवण्यात घालवले. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विख्यात ग्रंथात त्या शाळेवर एक संपूर्ण प्रकरण आहे. सुटी हा विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च भागवणारा आणि त्याच्या समाजाचे शिक्षण चालवणारा काळ होता, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

३

ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडत गेली. तिच्यामागे तीन निरनिराळी कारणे होती. पहिले, शिक्षकाचा व्यवसाय वेगळा झाला. १८३९ साली होरेस मॅन यांच्या प्रयत्नाने मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन येथे पहिले सरकारी अध्यापन विद्यालय सुरू झाले. पहिल्या दिवशी तेथे आलेल्या तिन्ही विद्यार्थिनी होत्या. पुढील काही दशकांत प्रशिक्षित आणि तुलनेने कमी वेतनावर काम करणाऱ्या शिक्षिका हिवाळी शाळाही सांभाळू लागल्या आणि महाविद्यालयीन तरुणाची ही हंगामी गरज संपली. दुसरे, रेल्वे आली. शंभर-दोनशे मैलांवरच्या घरी आठवडाभरासाठी जाऊन येणे पूर्वी शक्य नव्हते. ते आता शक्य झाले. तिसरे कारण सांस्कृतिक. प्यूरिटनांनी नाकारलेला नाताळ याच शतकात घरगुती, मुलाबाळांचा सण म्हणून नव्याने प्रतिष्ठित झाला. या स्थित्यंतरात साहित्याचा वाटा मोठा आहे. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील एका वृत्तपत्रात निनावी छापली गेलेली आणि पुढे कोलंबियाचे पदवीधर क्लेमंट मूर यांच्या नावावर रूढ झालेली संत निकोलसवरील कविता, तसेच १८४३ मधील डिकन्सची नाताळकथा, यांनी चूल, कुटुंब आणि भेटवस्तू यांचे जे चित्र लोकमानसात रुजवले त्यापुढे जुने धार्मिक आक्षेप टिकले नाहीत. १८७० मध्ये संघराज्याच्या कायद्यानेही नाताळला सुटी म्हणून मान्यता दिली.

परिणाम असा की शिकवण्यासाठी बाहेर पडण्याचा लांब काळ आक्रसला आणि दोनएक आठवड्यांची, घरी जाण्याची सुटी त्याच्या जागी आली. पूर्वीची सुटी विद्यार्थ्याला कामावर पाठवत होती, नवी त्याला घरी पाठवू लागली. या बदलात कोणी कोणावर अन्याय केला असे नाही. पण त्याबरोबर विद्यापीठाच्या मनातील विद्यार्थी बदलला. ज्याला घर आहे, ते घर गाडीने गाठता येते आणि तेथे त्याची कोणी वाट पाहत आहे, असा तो आता गृहीत धरला गेला.

४

नेमक्या याच काळात ज्यांचे घर गाडीने गाठता येण्याजोगे नव्हते असे विद्यार्थी अमेरिकेत येऊ लागले होते, आणि त्यांच्या अग्रभागी मराठी नावे आहेत.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. वय अठरा वर्षांचे. वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ष इतरांहून वेगळे असे. त्यांचे मुख्य सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन मार्चपर्यंत चाले, आणि यामागे एक व्यावहारिक अडचण होती : शव टिकवण्याची साधने अपुरी असल्याने शवविच्छेदन थंडीतच करता येई. ज्या ऋतूत इतर महाविद्यालये विसावत, त्या ऋतूत वैद्यकीय विद्यार्थ्यांचे काम सर्वांत जड असे. आनंदीबाईंची तीन सत्रे ही तीन हिवाळ्यांची सत्रे आहेत. अपरिचित थंडी, न रुचणारे अन्न आणि खालावत गेलेली प्रकृती यांच्याशी झुंजत त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढील वर्षी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रामुळे ही हकीकत मराठी वाचकांच्या घरोघरी पोचली.

त्या हकीकतीतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर बाईंचे घर हे अमेरिकेत आनंदीबाईंचे घर होते. त्यांचा पत्रव्यवहार आनंदीबाई भारतात असतानाच सुरू झाला होता. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. आणि अखेर आनंदीबाईंच्या अस्थींना पोकीप्सी येथील कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळाली. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्ती दिली, पदवी दिली. सणासुदीला जाण्याजोगे घर मात्र एका खाजगी व्यक्तीच्या जिव्हाळ्यातून मिळाले. संस्थेच्या आखणीत त्याची तरतूद नव्हती.

ही उणीव विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यार्थ्यांनीच ओळखली. १९०३ मध्ये विस्कॉन्सिन आणि १९०४ मध्ये कॉर्नेल येथे परदेशी व अमेरिकन विद्यार्थ्यांनी मिळून 'कॉस्मॉपॉलिटन क्लब' स्थापले. पाठोपाठ अनेक विद्यापीठांत ते निघाले. इलिनॉय विद्यापीठात शेतकीचे शिक्षण घेणारे रथींद्रनाथ ठाकूर तेथील अशा क्लबाच्या उभारणीत पुढे होते. कोलंबियाच्या परिसरात १९०९ साली हॅरी एडमंड्स या तरुण कार्यकर्त्याने ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटलेल्या एका चिनी विद्यार्थ्याला सहज नमस्कार केला. तेव्हा या शहरात येऊन तीन आठवडे झाले आणि आपल्याशी बोललेले तुम्हीच पहिले, असे उत्तर त्याला मिळाले. त्या उत्तराने अस्वस्थ झालेल्या एडमंड्सने परदेशी विद्यार्थ्यांना घरगुती मेळाव्यांसाठी एकत्र आणण्यास सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढे रॉकफेलर यांच्या देणगीने १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे 'इंटरनॅशनल हाउस' उभे राहिले. ही संस्था राजनैतिक हेतूने किंवा अभ्यासक्रमाच्या गरजेने जन्मली नाही. एकटेपणाच्या जाणिवेने जन्मली.

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबियात आले, तेव्हा ते प्रथम विद्यापीठाच्या वसतिगृहात, मग काही काळ कॉस्मॉपॉलिटन क्लबात आणि त्यानंतर नवल भाथेना या मित्रासह लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची. त्या मुदतीत त्यांनी अर्थशास्त्रासह समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र या विषयांचा जो अफाट अभ्यास केला, १९१५ मध्ये एम. ए. ची पदवी घेतली आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा निबंध वाचला, त्यावरून त्यांच्यापुरते सत्र आणि सुटी हे भेद गौण होते असेच म्हणावे लागते. मुदत मोजून मिळालेल्या विद्यार्थ्याला सगळे दिवस सारखेच कामाचे असतात. त्यांच्या थोडे आधी, १९०६ ते १९११ या काळात, श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला होते. बर्फाळ हिवाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या इथाका गावातूनच त्यांच्या जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०९ मध्ये प्रकाशित झाला. जातिसंस्थेची आधुनिक मीमांसा करणारी ही दोन आरंभीची मराठी मने अमेरिकन विद्यापीठांत, घरापासून हजारो मैलांवर घडत होती. त्या दुराव्याने दृष्टीला काय दिले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

५

हिवाळी सुटी घरची झाली, तरी तिच्यावर परीक्षेची छाया बराच काळ राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन तृतीयांश भागात बहुतेक अमेरिकन विद्यापीठांचे पहिले सत्र सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होई आणि जानेवारीच्या अखेरीस संपे. 'सेमिस्टर' हा शब्द सहा आणि महिना या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून जर्मन विद्यापीठांमार्गे आलेला. तो या लांबलेल्या सत्राला बराचसा शोभतही असे. नाताळ मध्येच येई. विद्यार्थी घरी जाताना पुस्तकांची पेटी बरोबर नेई आणि परतल्यावर दोनतीन आठवडे वर्ग व मग परीक्षा, असा क्रम असे. शिकागो विद्यापीठाने १८९२ मध्ये उघडतानाच चार तिमाह्यांची पद्धत स्वीकारली आणि पहिली तिमाही नाताळपूर्वी संपवली. पण हा अपवाद होता.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या दशकात हा क्रम झपाट्याने पालटला. सत्राचा आरंभ ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओढला गेला आणि परीक्षा डिसेंबरात आल्या. सुटीनंतरचे ते तुटक आठवडे निरुपयोगी ठरतात, असे प्राध्यापकांचे म्हणणे होते. सुटी निर्वेध हवी, असे विद्यार्थ्यांचे. १९७३ च्या तेलटंचाईत काही महाविद्यालयांनी इमारती उबदार ठेवण्याचा खर्च वाचवण्यासाठी हिवाळी सुटी लांबवली. मोकळ्या झालेल्या जानेवारीचे काय करायचे, यावरही प्रयोग झाले. १९६० मध्ये सुरू झालेल्या फ्लॉरिडा प्रेस्बिटेरियन महाविद्यालयाने जानेवारीत एकाच विषयाचे छोटे सत्र ठेवले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने १९७१ पासून जानेवारी महिना स्वतंत्र उपक्रमांसाठी राखला.

जुनी विद्यापीठे मात्र सहजासहजी बधली नाहीत. हार्वर्डमध्ये पहिल्या सत्राच्या परीक्षा जानेवारीत घेण्याची प्रथा २००८-०९ पर्यंत चालली. प्रिन्स्टनने २०१८ मध्ये निर्णय घेऊन २०२०-२१ पासून ती सोडली. त्यांच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे होते. सुटीनंतर परीक्षेपूर्वी जो वाचनकाळ मिळे, त्यात सत्रभर ऐकलेले मनात मुरे, प्रबंधिका सावकाश लिहिता येत. नव्या आखणीत हा अवकाश उरला नाही. सुमारे पंधरा आठवड्यांत वाचन, लेखन आणि परीक्षा एकामागून एक उरकायच्या, आणि अखेरच्या निबंधाचा पूर्णविराम देताच गाडी पकडायची. साहित्यासारख्या विषयाला हा वेग मानवत नाही, हे अध्यापन केलेल्या कोणालाही पटेल. मोठी कादंबरी सत्रात वाचून होते; ती पचायला सत्रापलीकडचे दिवस लागतात.

प्राध्यापकांनी तर या सुटीला सुटी म्हणून फारसे ओळखलेच नाही. १८८३ च्या डिसेंबरअखेर सुमारे चाळीस भाषाध्यापक न्यूयॉर्कला कोलंबियात जमले आणि त्यांनी आधुनिक भाषांच्या अभ्यासकांची संघटना, 'मॉडर्न लँग्वेज असोसिएशन', स्थापली. वर्ग बंद, म्हणून सर्वांना एकत्र येणे शक्य, हा साधा हिशेब होता. त्यानंतर शतकाहून अधिक काळ तिची अधिवेशने नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या दिवसांत भरत राहिली. साहित्याच्या अध्यापकपदांच्या मुलाखती तेथेच होत. नोकरीच्या शोधातील तरुण अभ्यासक सणाचा दुसरा दिवस उजाडताच परक्या शहरातील हॉटेलकडे निघत. घरच्यांची ही जुनी तक्रार अखेर ऐकली गेली आणि २००९ नंतर अधिवेशन जानेवारीत गेले.

६

याच आठवड्याचा असाच उपयोग त्या सुमारास भारतातही होत होता. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे स्थापन झालेल्या विद्यापीठांबरोबर आणि इंग्रजी न्यायालयांबरोबर नाताळची सुटी आपल्याकडे आली. ज्यांचा हा सण नव्हता त्या वकील, शिक्षक आणि पत्रकारांच्या हाती त्यामुळे वर्षाअखेरचा एक मोकळा आठवडा पडला. काँग्रेसचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या वास्तूत भरले. ते पुण्याला व्हायचे होते, पण तेथे पटकीची साथ उद्भवल्याने स्थळ बदलावे लागले. वेळ मात्र ठरलेलीच राहिली. पुढे दीर्घकाळ काँग्रेसची अधिवेशने आणि त्यांच्या जोडीने भरणारी, १८८७ मध्ये रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली सामाजिक परिषद याच दिवसांत होत असे. राज्यकर्त्यांच्या सणासाठी मिळालेली सुटी राज्यकर्त्यांना प्रश्न विचारण्याच्या कामी आली.

याच आठवड्याची तिसरी एक कल्पना शांतिनिकेतनात आकाराला आली. १९१२ च्या अखेरीस रवींद्रनाथ ठाकूर पुत्र रथींद्रनाथांसह इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना गावी राहत होते. तेथील युनिटेरियन मंडळींपुढे त्यांनी वाचलेले निबंध पुढे 'साधना' या इंग्रजी ग्रंथात समाविष्ट झाले. अमेरिकन विद्यापीठाचा सत्रान्त त्यांनी जवळून पाहिला असणार. त्यांच्या स्वतःच्या आश्रमाची रीत मात्र उलट होती. महर्षी देवेंद्रनाथांनी १८४३ मध्ये सात पौषाला ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली. १८९१ मध्ये त्याच तिथीला शांतिनिकेतनात उपासनामंदिर उघडले, १८९४ पासून जत्रा भरू लागली, आणि १९०१ मध्ये त्याच दिवशी विद्यालय सुरू झाले. विश्वभारतीचे औपचारिक उद्घाटनही २३ डिसेंबर १९२१ रोजी, म्हणजे या उत्सवाच्या दिवसांतच झाले. १९१० पासून तेथे २५ डिसेंबरला ख्रिस्तोत्सवही साजरा होऊ लागला.

म्हणजे ज्या आठवड्यात अमेरिकेतील विद्यापीठे रिकामी होत, त्याच आठवड्यात शांतिनिकेतन भरून जाई. माजी विद्यार्थी परतत, भोवतालच्या गावांतील शेतकरी, संथाळ कारागीर आणि बाउल गायक जमत, दिवंगत आश्रमवासीयांचे स्मरण केले जाई. वर्षाचा शेवट आपापल्या घरी पांगून करावा, ऐवजी तो विद्यापीठालाच घर मानून करावा, अशी ही दृष्टी होती. तिचा गौरव करताना तिच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. ती लहान, निवासी आश्रमाला साधली. हजारोंच्या विद्यापीठाला ती तशीच पेलेल असे नाही. पण सुटीचा विचार करताना विद्यापीठापुढे 'सगळे गेले' याखेरीज दुसरी शक्यता असू शकते, एवढे तिने दाखवून दिले.

७

२०२० च्या शरद ऋतूत, महामारीच्या पहिल्या वर्षी, अनेक अमेरिकन विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना नोव्हेंबरच्या अखेरीस येणाऱ्या 'थँक्सगिव्हिंग'लाच घरी पाठवले आणि सत्राचे उरलेले दिवस व परीक्षा दूरस्थ पद्धतीने पूर्ण केल्या. तेव्हा एक जुना प्रश्न पुन्हा ठळकपणे पुढे आला. ज्यांचा देश दूर आणि सीमा बंद, ज्यांचे पालक नाहीत, ज्यांच्या घरी अभ्यासाला जागा नाही, अशांनी कोठे जायचे? वसतिगृहाचे दार लावताना हे विद्यार्थी किती आहेत, याची मोजदाद करणे संस्थांना भाग पडले. तसे पाहता ते आनंदीबाईंच्या काळापासून तेथे होतेच.

एकविसाव्या शतकात भारतीय विद्यापीठांनीही सेमिस्टर पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. आपल्या सत्रांची अखेर दिवाळीच्या मागेपुढे कधी सरकते, कधी लांबते. परीक्षा, निकाल आणि प्रवेश एकमेकांत गुंततात. वेळापत्रकाची ही चर्चा आपल्याकडे बहुधा दिवसांच्या संख्येपुरतीच होते. ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबाबरोबर जावे लागणारा, सुटीत गावी जाऊन मजुरी करणारा, किंवा गावाहून शहरात आलेला आणि वसतिगृह बंद झाल्यावर जाण्यास जागा नसलेला विद्यार्थी त्या चर्चेत क्वचितच येतो. न्यू इंग्लंडच्या लहान महाविद्यालयांनी दोनशे वर्षांपूर्वी गावच्या शेतीचा हंगाम आणि गरजू मुलाची कमाई यांचा मेळ आपल्या वर्षाशी घातला होता. त्यांच्याकडे संगणक नव्हते आणि शिक्षणशास्त्राची परिभाषाही नव्हती. आपल्या वर्गात बसलेल्या मुलाला हिवाळ्यात पैसे लागतील, एवढे त्यांना माहीत होते.